पंख आहेत, पण सोयरीक नाही

पक्ष्याला पंख असतात म्हणजे तो वाटेल तिकडे जातो, हे आपण इतकं धरून चाललेलो असतो की त्यावर कुणी काही विचारतच नाही. मुक्त विहंग, आकाशाला सीमा नाही, असलं काहीबाही सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येतंच, मागे उगवता सूर्य आणि खाली शुभ सकाळ. नांदूरमध्यमेश्वरला डिसेंबर-जानेवारीत जाऊन उभं राहिलं की ते पटतंही. गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथला इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून झालेली बेटं, पाणवनस्पती, आणि त्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदी-कुंकू, काळ्या ठिपक्यांसारखे पसरलेले वारकरी. जानेवारी 2020 मध्ये याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं, असा दर्जा मिळालेली महाराष्ट्रातली पहिली जागा, त्यामुळे आता रविवारी खानगाव थडीच्या मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांच्या गळ्यात हातभर लेन्स. फोटो सगळे काढतात, प्रश्न फार कमी जण विचारतात.

माझ्या मामांनी विचारला. मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यातच, पण अभयारण्यात ते कधी पक्षी बघायला म्हणून गेलेले नव्हते, पक्षी म्हणजे त्यांच्यासाठी मणी फोडणारी जमात. त्या आठवड्यात निफाडचा पारा नेहमीसारखा पेपरच्या पहिल्या पानावर आला होता, मामा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागे होते आणि तरी सकाळी माझ्याबरोबर आले, येताना कानटोपी आणि वर मफलर. गाइड पोरानं स्पॉटिंग स्कोप एका पट्टकादंबावर लावून दिला. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या. मामा बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

"हे कुठलं म्हनली?"

म्हटलं मामा, हे तिबेट, मंगोलियाकडचं, हिमालय ओलांडून येतं.

"हिमालय? वरून?"

वरूनच. आणि ही काही आपली पक्षीवाल्यांची फेकाफेक नाही, ट्रान्समीटर लावून मोजलेलं आहे, हे हंस 7,000 मीटरच्या वरही उडताना सापडलेत. तिथे हवा इतकी विरळ की आपण चार पावलं चाललो तरी खाली बसू. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन थोडं वेगळं असतं. त्या प्रोटीनची जी साखळी असते त्यात 119 व्या जागेवर इतर हंसांमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो ॲसिड बसलेलं असतं, यांच्यात तिथे ॲलानीन आहे. एवढा एक मणी बदलला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. फुप्फुसं मोठी, श्वास खोल, स्नायूंमध्ये रक्तवाहिन्या जास्त, अशी बाकीची तयारीही असतेच, पण तो एक बदल मला फार आवडतो.

मामा म्हणाले, मग काय, पंख असले म्हनजे झालं, जातंय कुठंबी.

इथे मला राहवलं नाही. कारण त्याच सुमारास मी दक्षिणेतल्या शोला जंगलातल्या पक्ष्यांवरचे व्ही. व्ही. रॉबिन या शास्त्रज्ञांचे पेपर वाचत होते, आणि त्यातला पक्षी बरोबर उलटा आहे. चांगले धडधाकट पंख असलेला पक्षी, आणि चाळीसेक किलोमीटरची एक खिंड आहे, ती तो लाखो वर्षांत ओलांडत नाही.

रॉबिन आता तिरुपतीच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहेत, त्याआधी बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात उमा रामकृष्णन यांच्याबरोबर होते. उमा रामकृष्णन म्हणजे वाघांच्या जेनेटिक्सवर काम करणाऱ्या, त्यांच्याकडे नंतर येते. रॉबिन यांचा पक्षी, शोलिकोला (हे नाव त्याला पुढे मिळालं), मात्र वाघासारखा ग्लॅमरवाला नाही, निळसर रंगाचा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, झुडपांखाली अंधारात पानं उलथत फिरणारा. समुद्रसपाटीपासून साधारण 1,400 मीटरच्या वर, निलगिरी, अनैमलाई, पलनी अशा डोंगरांच्या माथ्यावर वळचणीला शोला जंगलं असतात, आजूबाजूला गवत आणि घळीत बुटकं दाट रान, तिथेच तो राहतो. खाली उतरत नाही. दोन डोंगरांच्या मध्ये सखल भाग आला की संपलं. म्हणून या माथ्यांना शास्त्रज्ञ आकाशातली बेटं म्हणतात. समुद्र नाही, पण त्या पक्ष्याच्या हिशेबी खालचं गरम मैदान म्हणजे समुद्रच.

या बेटांमधली सगळ्यात मोठी फट म्हणजे पालघाट. कोईमतूरहून केरळात जाणारी रेल्वे तिथूनच जाते, आपण चहा पीत बाहेर बघत असतो, नारळ, भातखाचरं, आणि कळतही नाही की सह्याद्रीची रांग इथे तुटली आहे. आणखी दक्षिणेला शेनकोट्टाची खिंड, ती बरीच अरुंद.

आता हे कळतं कसं, कोण कुणापासून किती काळ तुटलंय? मला या कामातला हा भाग सगळ्यात जास्त बघण्यासारखा वाटतो, कारण त्याचा निम्मा भाग लॅबमध्ये होतच नाही. पहाटे उजाडायच्या आत दोन बांबूंच्या मधे अगदी बारीक धाग्याची जाळी ताणायची, मिस्ट नेट म्हणतात, अंधारात ती आपल्यालाही दिसत नाही आणि पक्ष्यालाही. पक्षी येऊन तिच्या झोळीत पडतो. मग त्याला सोडवायचं, आणि हे सोडवणं शिकायला लोकांना महिनोन्महिने लागतात, कारण नखं, जीभ, पंखांची टोकं सगळं धाग्यात गुंतलेलं असतं आणि तुमच्या मुठीत त्याचं काळीज इतकं जोरात धडधडत असतं की हात थरथरायला लागतो. कापडी पिशवीत घालून वजन, पंखाची लांबी, पायात नंबराचं कडं. मग पंख हलकेच उलटा करून आतल्या बाजूची पिसं फुंकरीनं बाजूला केली की कातडीखाली निळी शीर दिसते, तिला बारीक सुई टोचायची, वर आलेला रक्ताचा थेंब काचेच्या केसासारख्या नळीत ओढून घ्यायचा, कापसानं दाबायचं आणि सोडून द्यायचं. अर्थात हे सगळं वनखात्याच्या परवानगीनं, उगाच कुणी हौसेनं जाळी लावली तर तो गुन्हा आहे.

एका थेंबात भागतं कसं? माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे डीएनए नाही, आपला डीएनए मिळवायचा तर पांढऱ्या पेशी शोधाव्या लागतात. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं. त्यामुळे थेंबभर रक्त म्हणजे डीएनएचा खजिना. गंमत बघा, बिचाऱ्या एवढ्याशा जिवाकडून फार काही घ्यावंच लागत नाही.

पुढचं काम लॅबचं. डीएनएचे ठरावीक तुकडे वाचायचे, या डोंगरावरच्या पक्ष्याचे आणि त्या डोंगरावरच्या पक्ष्याचे एकाखाली एक मांडायचे, कुठे कुठे अक्षरं बदलली ते बघायचं. बदल पिढ्यानपिढ्या साचत जातात, म्हणून फरक जितका जास्त तितकी ताटातूट जुनी. आणि निघालं काय, तर पालघाटच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे हे पक्षी दिसायला चुलत भाऊ वाटले तरी त्यांची वाट लाखो वर्षांपूर्वीच वेगळी झालेली होती. त्यानंतरची मोठी फारकत शेनकोट्टाला.

मामांना जीन फ्लो, म्हणजे जनुकांची देवाणघेवाण, वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी सोयरीक म्हटलं. आपल्याकडे कादवेच्या पलीकडे मुली देतात, येवल्याला देतात, सिन्नरला देतात, घाट उतरून खाली कोकणात मात्र देणंघेणं जवळपास नाही, तसं. सोयरीक चालू राहिली की दोन्हीकडची माणसं एका वळणाची राहतात, बंद झाली की बोली बदलते, रीत बदलते, चेहरेपट्टीही हळूहळू बदलते.

मामा स्कोपवरनं बाजूला झाले आणि म्हणाले, "म्हंजे मधी डोंगर आला म्हनून न्हाई, मधी डोंगर न्हाई म्हनून सोयरीक तुटली?"

हे इतकं नेमकं वाक्य मला त्या विषयावरच्या एकाही लेखात सापडलेलं नाही. हंसाला हिमालय आडवा येत नाही आणि या निळ्या पक्ष्याला सपाट जमीन आडवी येते. अंतर किती हा प्रश्नच नाही, मधे काय आहे आणि ते त्या पक्ष्याला कसं वाटतं हा प्रश्न आहे.

नंतर 2015 मध्ये रॉबिन आणि सहकाऱ्यांनी एकदोन नाही तर डोंगरमाथ्यावरच्या वीसहून जास्त जातींचे पक्षी घेऊन हेच तपासलं. खिंड जितकी रुंद आणि खोल तितक्या जास्त जातींना ती अडवते. पण सगळ्यांना नाही हं. काही पक्षी त्याच खिंडीवरून आरामात येजा करतात. म्हणजे नकाशावर एक रेघ मारून ही सीमा असं म्हणता येत नाही, प्रत्येकाची सीमा वेगळी. 2017 मध्ये तर या मंडळींनी दाखवून दिलं की हे निळे पक्षी आणि तिथलेच लाफिंगथ्रश, हे दोन्ही गट ज्या ज्या वंशांत (जीनसमध्ये) आजवर कोंबले होते त्यातले नाहीतच, त्यांचे स्वतंत्र वंश आहेत, आणि त्यांना शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला अशी नावं दिली. दीडशे वर्षं म्युझियमच्या ड्रॉवरमध्ये साहेब लोक रंग आणि चोच बघून त्यांना इकडून तिकडे हलवत होते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्यात साहेबांचा फार दोष नाही, जे दिसलं त्यावरून ठरवलं, दुसरं साधनच नव्हतं.

साहेबांवरून आठवलं. त्या लाफिंगथ्रशमधल्या पलनी डोंगरातल्या जातीचं शास्त्रीय नाव आहे फेअरबँकी. हे फेअरबँक म्हणजे सॅम्युअल फेअरबँक, अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात वडाळ्याला राहायचे, उत्तम मराठी यायचं, पक्षी गोळा करायचा नाद. पक्षी कोडाईकॅनॉलकडचा आणि नाव नेवासे तालुक्यातल्या पाद्रीबाबांचं. मामींचं माहेर त्याच भागातलं, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पक्ष्याचा फोटो मागून घेतला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला, आता तिथे सगळ्यांना वाटतंय की वडाळ्यात हा पक्षी सापडतो. मी खुलासा केला, कुणी वाचला नाही.

गाण्याचं काम राहिलंच. हे निळे पक्षी गातात फार सुंदर, लांबलचक, गुंतागुंतीचं. पिल्लू आजूबाजूच्या मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतं, म्हणजे गाणं रक्तातनं कमी आणि कानातनं जास्त येतं. रॉबिन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगरा-डोंगरावरची गाणी रेकॉर्ड करून त्यांचे आलेख काढले. जुन्या खिंडींनी ज्यांना वेगळं केलं त्यांच्या गाण्यातला फरक एका प्रकारचा, आणि गेल्या शे-दीडशे वर्षांत माणसानं रान तोडून ज्यांना वेगळं केलं त्यांच्या गाण्यातला फरक दुसऱ्या प्रकारचा. कारण आता खिंडी आपणही तयार करतो. शोला आणि गवत काढून चहा लावला, निलगिरी लावली, वॅटल लावलं, लांबून बघितलं तर सगळं हिरवंगार, टुरिस्ट लोक वा वा म्हणतात. पक्ष्याच्या दृष्टीनं तिथे दुसरं पालघाट उघडलेलं असतं. दोन जातींवरच्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात या अलीकडच्या तोडीची खूण डीएनएमध्येसुद्धा दिसली. निसर्गाला जे करायला लाखो वर्षं लागली त्याची सुरुवात आपण चहाच्या मळ्यांनी काही पिढ्यांत करून दाखवली.

हे सगळं वाचताना मला सारखी आपल्याकडची जनावरं आठवत होती. बिबट्याचंच बघा. नाशिककराला बिबट्या नवा नाही, उसात आहे, मळ्यात आहे, कधी कॉलनीच्या सीसीटीव्हीत आहे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी इगतपुरी-सिन्नरच्या पलीकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून दाखवलं की जिथे जंगल म्हणावं असं काही नाही, माणसं मात्र भरपूर, तिथेही बिबटे चांगले नांदतात, आणि त्यांच्या विष्ठेत सगळ्यात जास्त काय सापडलं तर गावातली कुत्री. त्यांनीच पट्टा लावलेला आजोबा नावाचा बिबट्या 2009 मध्ये माळशेजला सोडला तर तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात जाऊन पोचला, रस्ते, रेल्वे, खाडी, काहीही न जुमानता. पंख नाहीत, आणि अडलं कुठेच नाही.

आणि या उलट टोकाला आपला रानपिंगळा. याची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ती नाशिक विभागातलीच आहे. 1873 मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ह्यूम या इंग्रज साहेबांनी याचं वर्णन केलं, हा बाकी पिंगळ्यांसारखा नाही म्हणून त्याला वेगळ्या वंशाचं नाव दिलं, हेटेरोग्लॉक्स. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने जमवले, आणि 1884 नंतर पक्षी गायब. त्यानंतरची एकच नोंद, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलची, 1914, गुजरातेतल्या मांडवीची. म्हणून लोक तिकडे शोधत राहिले, आणि मिळणार कुठून, कारण हा कर्नल म्युझियमातले पक्षी चोरून त्यांच्यावर स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी लावायचा! पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना तपासला, तो परत नव्यानं भरून शिवलेला होता, आणि आत खुणा मात्र डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्हणजे तो खानदेशातलाच. मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, रानपिंगळा समोर बसलेला सापडला. 113 वर्षांनी. हा पिंगळा दिवसा फिरतो, शेपटी झटकतो, सागाच्या विरळ रानात राहतो, आणि आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना तो काही हरवलाय असं कधी वाटलंही नसणार.

वंशाचा वाद मात्र चालूच होता. 2018 मध्ये पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी, यात रॉबिन आणि उमा रामकृष्णन दोघंही आहेत, डीएनए वाचून सांगितलं की रानपिंगळा वेगळ्या वंशातला नाही, आपल्या अंगणातल्या आंब्यावर किचकिच करणाऱ्या साध्या पिंगळ्याच्याच गोतावळ्यात बसतो. शोलात उलटं झालं होतं, सारखे दिसणारे वेगळे निघाले, इथे वेगळा म्हणून मिरवणारा घरचाच निघाला. काही पक्षीमित्रांना याचं वाईट वाटलं, जणू पिंगळ्याची पत कमी झाली. मला नाही वाटलं. साध्या पिंगळ्याचा इतका जवळचा, आणि तरी साधा पिंगळा शहरातल्या ट्रान्सफॉर्मरवरही संसार थाटतो, हा मात्र सातपुड्यातली, मेळघाटातली, तानसाची अशी ठरावीक रानं सोडून बाहेर येत नाही. तानसाला तो 2014 मध्ये सापडला, म्हणजे आपला कसारा घाट उतरलं की तिथून फार लांब नाही. त्याला उडता येतं, आमच्या द्राक्षबागा, कांदा आणि ऊस त्याच्या पंखांना काहीच जड नाहीत. तो येत नाही, एवढंच.

सोयरीक फार काळ बंद राहिली की काय होतं ते ओडिशाच्या सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात दिसतं. तिथले काही वाघ जवळजवळ काळे दिसतात, पट्टे इतके जाड की एकमेकांत मिसळलेले. उमा रामकृष्णन यांच्या टीमनं 2021 मध्ये दाखवलं की हे एका जीनमधल्या एका बदलामुळे होतं आणि तो बदल आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. थोडे वाघ, बाहेरून नवं कुणी येत नाही, आपापसातच लग्नं, म्हणून दुर्मिळ गोष्ट तिथे सर्रास झाली. टुरिझमवाल्यांना काळा वाघ म्हणजे पर्वणी, पण आजाराची कारणंही याच वाटेनं येतात. म्हणून 2024 मध्ये आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत अशा दोन वाघिणी तिकडे पाठवल्या. झीनत तिथून निघाली ती झारखंड करत पश्चिम बंगालमध्ये बांकुऱ्यापर्यंत गेली, बेशुद्ध करून परत आणावी लागली. मामा म्हणाले, पोरीला विचारलं व्हतं का कुनी.

आता याचा माझ्या रोजच्या आयुष्याशी काय संबंध, तर आमच्या सोसायटीच्या वृक्षारोपणाशी आला. दर पावसाळ्यात आमची मंडळी शहराबाहेरच्या एका गवताळ टेकडीवर जातात, ओसाड आहे, पक्ष्यांना घर मिळेल म्हणून गुलमोहर, करंज, काय मिळेल ते लावतात, फोटो होतात, वडापाव होतो. त्या टेकडीवर चंडोल आहेत. पावसाळ्यात सरळ वर चढत जाऊन हवेत गाणारा, जमिनीवर गवताच्या बुडाशी अंडी घालणारा पक्षी, त्याला झाड नकोच आहे, मोकळं माळ हवं आहे. मी मीटिंगमध्ये म्हटलं की ही टेकडी ओसाड नाहीये, तिथे झाडं भरली की चंडोलासाठी ती भिंत होईल, आणि मग पालघाटचं सगळं सांगायला घेतलं. सेक्रेटरी काकांनी ऐकून घेतलं, म्हणाले, ताई, झाडं लावू नका म्हणणारी तुम्ही पहिलीच भेटलात. एका काकूंनी तर मला सरळ बिल्डरची माणूस ठरवलं. बरीच खडाजंगी झाली, शेवटी टेकडी सोडून नाल्याच्या कडेची जागा घ्यायचं ठरलं, तिथे उंबर, करंज, जांभूळ लावायला माझी काहीच हरकत नाही. फक्त नाल्याकडची जमीन मुरमाड आहे, जेसीबी आत जात नाही, आणि खड्ड्यांची जबाबदारी त्यांनी एकमतानं माझ्यावर टाकली आहे.